बुधवारच्या चुका

आमच्या शाळेत चुका वाटायचं काम माझ्याकडे होतं. असं सरळ सांगितलं की लोकांना वाटतं बाई चेष्टा करतेय. मी चेष्टा करत नाही. मी गणित शिकवते, मूळची मिरजेची आहे आणि चंदीगडला येऊन इतकी वर्षं झाली की घरात मी मराठीत ओरडते, लेक मधुरिमा हिंदीत उत्तर देते आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नाही. थट्टा करायची झाली तर मी तिच्याशी करते. शाळेत माझ्याकडे वेळापत्रक आहे.

वेळापत्रक म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. रोज सकाळी कोण आलं नाही ते बघायचं आणि त्याचे तास दुसऱ्याच्या मोकळ्या तासावर टाकायचे. याला आमच्याकडे अरेंजमेंट म्हणतात. कोणी नुकता चहाचा कप तोंडाला लावलेला असतो, आणि मी दारात उभी राहून म्हणते, "सहावी क, आत्ता." मला कोणी डबा खायला बोलावत नाही असं नाही, पण बोलावताना जरा विचार करतात.

तर आमच्या प्रिन्सिपल सोढी मॅडम जुलैत गुरुग्रामला एका कार्यशाळेला गेल्या आणि बदलून आल्या. त्यांनी मला बोलावलं, पंखा कमी केला आणि म्हणाल्या, शिक्षकाने आठवड्यातून एकदा थांबलं पाहिजे. आपण कसं शिकवलं, काय चुकलं, हे चार सहकाऱ्यांसमोर मोकळेपणाने बोललं पाहिजे. याला रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिस म्हणतात. सगळ्या स्टाफला एकाच वेळी एक तास मोकळा हवा.

मी म्हटलं, "मॅम, असा तास नाहीये."

"सुनेत्रा जी, वक्त होता नहीं, निकालना पड़ता है," त्या म्हणाल्या. कुठून काढायचा ते त्यांनी सांगितलं नाही. माझ्याकडे बघितलं फक्त.

सगळे शिक्षक एका खोलीत बसायचे तर मुलं कुठे जाणार? दोन दिवस डोकं शिणवलं आणि शेवटी बुधवारचा शेवटचा तास काढला. पोरांना मोठ्या हॉलमध्ये बसवायचं, खेळाच्या पीटीआय सरांनी शिट्टी घेऊन उभं राहायचं आणि पडद्यावर माहितीपट लावायचा. हॉलच्या कॉम्प्युटरवर एकच माहितीपट नीट चालत होता, देवमाशांचा. दिवाळीपर्यंत पहिलीतल्या मुलांनासुद्धा देवमासा श्वास कसा घेतो ते पाठ झालं. पालकसभेत एका आईने अगदी अदबीने विचारलं, बाकीचे प्राणी कधी घेणार?

पहिल्या बुधवारी आम्ही लायब्ररीत गोल बसलो. मध्ये स्टूल आणि त्यावर टिश्यू पेपरचा डबा. कार्यशाळेत म्हणे लोक रडले होते. सोढी मॅडमनी स्वतःपासून सुरुवात केली. कालच त्या एका पालकाशी तुटक बोलल्या आणि रात्रभर त्यांना ते खात राहिलं, असं काहीतरी. मग त्या म्हणाल्या, आता तुम्ही.

कोणी बोलेना. कशाला बोलतील! आमच्याकडे चूक सापडली की मेमो मिळतो. मेमोला लेखी उत्तर द्यावं लागतं, ते फाइलला लागतं आणि ती फाइल नेमकी पगारवाढीच्या वेळी उघडते. आयुष्यभर चूक लपवण्यात तरबेज झालेल्या माणसांना एकदम गोलात बसवून सांगायचं, काढा बाहेर. शेवटी हरलीन बाजवा बोलली. ही समाजशास्त्राची, माझ्याहून जुनी, आवाज असा की तिचा मुघलांचा धडा शेजारच्या सेक्टरात ऐकू जातो. ती म्हणाली, "मॅम, मेरी गलती ये है कि मैं ज़रूरत से ज़्यादा मेहनत करती हूँ." तिच्यानंतर ज्याची त्याची चूक तीच निघाली. सगळी शाळा जास्त मेहनत करत होती.

सोढी मॅडम नाराज झाल्या. म्हणाल्या, हे आत्मपरीक्षण नाही. पुढच्या बुधवारी प्रत्येकाची वेगळी चूक हवी, स्वतःची हवी आणि त्यात काय सुधारणा करणार तेही हवं.

स्टाफरूममध्ये आल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. हरलीन म्हणाली, "तू रोज सगळ्यांना तास वाटतेस. चुका वाट ना यार. दोघी एकच बोललो तर पंचाईत."

मला पटलं. खोटं कशाला बोला, मला ते काम आवडलंसुद्धा. लिहून काहीच ठेवायचं नाही, मंगळवारी डब्याच्या वेळी तोंडी सांगायचं. नियम माझेच. चूक लहान हवी. आठवड्यात सुधारता येईल अशी हवी. मेमो निघेल अशी नको. प्रश्न विचारल्यावर मुलांना विचार करायला वेळ न देणं, फळ्यावर बारीक लिहिणं, मागच्या बाकांकडे दुर्लक्ष होणं, गृहपाठ उशिरा तपासणं. लीनाला सातवा महिना होता, तिला मी हलक्या द्यायची. संस्कृतच्या शास्त्रीजींना कुठलीच चूक मान्य होईना, तेव्हा त्यांना "मी कधी कधी फार सखोल जातो" ही कायमची देऊन टाकली.

सोढी मॅडम सगळं लॅपटॉपवर टिपून घ्यायच्या आणि त्याचा निष्कर्ष काढायच्या. मागच्या बाकांची चूक लोकांना फार आवडायची, कारण तिला अंत नसतो. नोव्हेंबरमध्ये मॅडमच्या लक्षात आलं की अर्धा स्टाफ मागच्या बाकांकडे दुर्लक्ष करतोय. त्यांनी सुतार बोलावून प्रत्येक वर्गातली शेवटची रांग उचलायला लावली आणि ती बाकं भिंतीकडेला लावली. मग शेवटून दुसरी रांग शेवटची झाली. हे त्यांना कोणी सांगितलं नाही. तेवढी हिंमत असती तर गोलातच नसतो का बोललो!

स्वतःची चूक मात्र मॅडम दर बुधवारी न चुकता आधी सांगायच्या. कोणाचं पूर्ण ऐकून घेत नाही, भेटायला आलेल्याला बाहेर ताटकळत ठेवते, रागावल्यावर माफी मागायला जीभ उचलत नाही. हरलीन मला कोपराने ढोसायची. "ऐक्टिंग अच्छी करती है." मलाही तसंच वाटायचं. त्यांना चुका कोण वाटत असेल, असा विचारही मी एकदा केला होता.

आता अपूर्वाबद्दल सांगते. तिच्यामुळे तर हे सगळं सांगायला बसले.

अपूर्वा ऑगस्टमध्ये लागली, विज्ञानाला. नाशिकची. नवरा इंद्रजित एअर फोर्समध्ये. पहिल्याच दिवशी मी जिन्यात फोनवर गॅसवाल्याच्या नावाने मराठीत शंख करत होते. ही खालून वर आली आणि माझा फोन संपेपर्यंत हसत उभी राहिली. म्हणाली, "ताई, किती दिवसांनी ऐकलं असं!" तेव्हापासून लोकांसमोर मॅम आणि एकटं सापडलं की ताई.

पोरगी गुणी. पण नशीब बघा. लग्नानंतर जोरहाट, जामनगर, बेंगळुरू. प्रत्येक गावी शाळा, प्रत्येक शाळेत प्रोबेशन, आणि प्रोबेशन संपत आलं की नवऱ्याची बदली. इतक्या वर्षांत ती कुठेच पक्की झाली नव्हती. या वेळी इंद्रजितची मुदत वाढली होती. मार्चमध्ये कमिटी बसणार आणि तिला कायम करणार की नाही ते ठरणार.

"ताई, एकदा तरी माझ्या नावापुढे कायम असं लागू दे," ती म्हणायची. "नंतर बदली झाली तरी चालेल. पुढच्या गावी कोणी विचारलं, तुम्ही कुठेच का टिकला नाहीत, तर दाखवायला काहीतरी असेल."

मी म्हणायची, "होईल गं. मी आहे ना." कमिटीवर शिक्षकांतर्फे मीच होते. म्हणून जरा तोऱ्यातच म्हणायची.

नव्या लोकांनी पहिलं सत्र फक्त ऐकायचं, असं सोढी मॅडमनी ठरवून दिलं होतं. त्यामुळे अपूर्वाला मी चूक दिली नव्हती. ती गोलात बसायची आणि मान तिरकी करून मनापासून ऐकायची. आमची पद्धत तिला कोणी सांगितली असेल, असं मी गृहीत धरलं. बाकीच्यांनी धरलं की मी सांगितली असेल.

जानेवारीतला बुधवार. बाहेर धुकं इतकं की हॉलकडे निघालेली मुलं दहा पावलांवर दिसेनाशी होत होती. लायब्ररीत एकच हीटर, तोही शास्त्रीजींच्या पायाशी. सोढी मॅडमनी त्यांची चूक सांगितली, हरलीनने तिची, आणि मग मॅडम एकदम म्हणाल्या, "आज अपूर्वा को सुनते हैं."

मी समोरून तिला खूण केली, हवेत बारीक अक्षरं काढून दाखवली. फळ्यावरच्या अक्षराची चूक, घे आणि मोकळी हो. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती.

तिने इंग्रजीत सुरुवात केली, मग हिंदीत आली. म्हणाली, "मला नववी ब ची भीती वाटते. मी आत गेले की सगळे उभे राहून गुड मॉर्निंग म्हणतात आणि मग गप्प बसतात. तास संपेपर्यंत गप्प. प्रश्न विचारला की नुसते बघत राहतात. एकाला उभं केलं तर तो उभा राहतो आणि बघतो. मीच प्रश्न विचारते, मीच उत्तर देते. बाकीच्या वर्गांत असं होत नाही. मला कळत नाही मी काय केलंय. आता दाराशी गेले की हात गार पडतात. पाणी पिऊन येते, परत जाते, पुन्हा पाणी प्यायला जावंसं वाटतं. कोणाला तरी सांगायचं होतं. बरं झालं हा तास आहे."

त्याच महिन्यात नववी ब ला शिस्तीची ढाल मिळाली होती. वर्गावरून जाताना आवाज येत नाही म्हणून.

सोढी मॅडमनी टिश्यूच्या डब्यातून एक कागद ओढला आणि डोळे टिपले. म्हणाल्या, "मी याचीच वाट बघत होते." बाकीचे आपापल्या बुटांकडे बघत होते. घंटा झाली. मुलांना बसमध्ये बसवायचं होतं, आम्ही उठलो.

दुसऱ्या दिवशी मी अपूर्वाला प्रयोगशाळेत गाठलं आणि दार लावून घेतलं.

"तुला वेड लागलंय का गं?"

"का? काय झालं ताई?"

"प्रोबेशनवर असताना कोणी असं बोलतं का? भीती वाटते म्हणे! अगं, शाळेत बाईला मुलांची भीती वाटते हे शाळेला सांगायचं असतं?"

"मॅमनीच विचारलं ना, काय चुकतंय. मग खरं सांगायचं नव्हतं?"

"तशी पद्धत नाही."

मग मी तिला पद्धत सांगितली. मंगळवारी डब्याच्या वेळी काय होतं, कोणाला काय मिळतं, सगळं. आधी ती खो खो हसली. मग थांबली. "म्हणजे हरलीन मॅमचं ते? त्या म्हणाल्या होत्या, वर्षभर शिकवूनही एका मुलीचं नाव मला आठवलं नाही, तिने वहीवर नाव लिहिलं नव्हतं म्हणून तिला विचारायची लाज वाटली. मी घरी जाऊन रडले होते ताई."

"ते मीच दिलेलं. जरा लांबलं, पण तिने चांगलं म्हटलं."

अपूर्वा परीक्षानळ्या पुसायला लागली. मी तिला बजावलं, मॅडमकडे जा आणि म्हण की मी जरा वाढवून बोलले. तिने पुढची नळी उचलली. मला भयंकर राग आला. माणूस जीव तोडून सांगतंय आणि ही नळ्या पुसतेय!

ती गेली नाही. मग मीच मॅडमकडे जायचं ठरवलं, तर मॅडमनीच मला आत बोलावून लॅपटॉप माझ्याकडे वळवला. आतापर्यंतच्या बुधवारांचा अहवाल तयार होता, मॅनेजमेंटला जायचा. पहिल्या पानावर अपूर्वा, नावासकट. एका शिक्षिकेचं धैर्य, असा मथळा.

मी म्हटलं, "मॅम, नाव काढा. तिचं कन्फर्मेशन आहे."

"म्हणून तर ठेवलंय," त्या म्हणाल्या. "नाव काढलं तर धैर्य कोणाचं? याहून चांगली शिफारस मी आजवर कोणाला दिलेली नाही." त्यांना ते मनापासून वाटत होतं. आपल्या माणसाचं भलं करायला निघालेल्या बाईला अडवायचं कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

घरी जेवताना मी शिशिरला सांगितलं. शिशिर माझा नवरा, सेक्टर एकोणचाळीसच्या संस्थेत शास्त्रज्ञ. त्याला काही सांगितलं की तो आधी पोळी संपवतो. संपवली आणि म्हणाला, "पण ती मुलं गप्प का बसतात?"

"अरे, तो प्रश्नच नाहीये!"

"मग प्रश्न काय आहे?"

"तिची नोकरी!"

"अच्छा," तो म्हणाला आणि आमटी घेतली. या माणसाशी बोलण्यात काही अर्थ नाही.

नववी ब ला मी गणित शिकवते. माझ्या तासाला ती पोरं इतकी चिवचिवतात की डस्टर आपटावं लागतं. त्या आठवड्यातही आपटलं.

मार्चमध्ये कमिटी बसली. चेअरमन साहेब निवृत्त कर्नल. पाठ सरळ, मिशा सरळ, बोलणंही सरळ. मध्ये काजूची बशी. एका बाजूला सोढी मॅडम, एका बाजूला मी. दोन नावं पटापट कायम झाली. मग अपूर्वाचं निघालं. साहेबांनी अहवाल वाचला होता. नेमका हाच अहवाल वाचला होता!

"ही मॅडम पोरांना घाबरते?"

सोढी मॅडम म्हणाल्या, "सर, हे सांगायला फार मोठं धैर्य लागतं."

"धैर्य म्हणजे न घाबरणं," साहेब म्हणाले. "माझ्या जवानाने येऊन मला सांगितलं की शत्रूची भीती वाटते, तर मी त्याला बढती देणार का? नववीत घाबरतात, दहावीत काय करणार? पालकांना कळलं तर?"

"सर, हा तास मोकळं बोलण्यासाठीच होता. विश्वासाने बोललेलं..."

"हो ना. तिने विश्वासाने सांगितलं, आपण विश्वासाने ऐकलं. आता पुढचं नाव."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. मला ती पोरगी दिसायला लागली, नवऱ्याच्या गणवेशाच्या ट्रंका पुन्हा भरतेय, आणि पुढच्या गावी कोणीतरी विचारतंय, तुम्ही कुठेच का टिकला नाहीत. माझं डोकं फिरलं.

"सर, ती तिची चूक नाही," मी म्हटलं. "ती मी दिलेली आहे."

दोघांनीही माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं. दर मंगळवारी मी चुका वाटते, बुधवारी ज्याने त्याने आपापली म्हणायची. शास्त्रीजींचं सखोल जाणं, मागची बाकं, सगळं. "अपूर्वा नवीन आहे, म्हणून तिला जरा नाट्यमय दिली. तिने ती उत्तम म्हटली. तिला कसलीही भीती वाटत नाही. आमची नववी ब तिच्या तासाला किती शांत असते ते कोणालाही विचारा. ढाल मिळालीये त्यांना."

"म्हणजे हे सगळं नकली?" साहेबांनी अहवालावर बोट ठेवलं.

"शंभर टक्के, सर."

माझी गच्छंती होणार असं मला वाटलं. पण साहेबांचा चेहरा एकदम मोकळा झाला. ते इतके मोठ्याने हसले की बाहेरचा शिपाई आत डोकावला. "अरे, मग ठीक आहे! मला वाटलं माझ्या शाळेत खरंच एवढ्या चुका होतात." त्यांनी अपूर्वाच्या नावापुढे सही केली, काजू घेतले आणि सोढी मॅडमना सांगितलं की बुधवार बंद करायची गरज नाही, माहितीपत्रकात छापलेला आहे, कार्यक्रम छान आहे.

साहेब गेल्यावर मॅडम तशाच बसून राहिल्या. मी उठले तेव्हा म्हणाल्या, "सगळ्याच?"

"सगळ्याच, मॅम."

"लीनाचीसुद्धा? ती म्हणाली होती, आजकाल दमते म्हणून मुलांवर खेकसते..."

"ती हलकी होती. म्हणून तिला दिली."

त्यांनी समोरचा अहवाल मिटला. मग म्हणाल्या, "माझ्या खऱ्या होत्या, सुनेत्रा जी. दर बुधवारी आदल्या रात्री मी ठरवायचे की उद्या हे नाही सांगायचं, आणि मग सांगायचे. वाटायचं, मी सांगितलं की तुम्ही सांगाल."

मी म्हटलं, "मॅम, तुमच्या चांगल्या होत्या."

बाहेर आले तेव्हा त्यांचं ते बोलणं कानात होतं. पण अपूर्वाला सांगायचं म्हटल्यावर ते विसरले. वाटेत सेक्टरातल्या मार्केटमधून पिन्नीचा, म्हणजे इकडच्या कणकेच्या लाडवांचा, डबा घेतला, तिच्यासाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टाफरूममध्ये अजून कोणी आलं नव्हतं. ती एकटीच पाठाचं टाचण काढत बसली होती.

"झालीस हो बाई कायम!" मी डबा तिच्यासमोर आपटला. "तोंड गोड कर."

तिचे डोळे भरून आले. उठून तिने मला घट्ट मिठी मारली, मग लगेच फोन काढून इंद्रजितला दोन शब्द टाकले. पिन्नी खाता खाता विचारलं, "पण ताई, तो अहवाल? साहेबांनी वाचला नाही का?"

"वाचला की. तुझं नावच पार खोडून टाकायला निघाले होते." मग मी तिला सगळी लढाई सांगितली, साहेबांच्या मिशांसकट. ती चूक तुझी नव्हती, मीच दिलेली, असं कसं ठणकावलं, साहेब कसे हसले, सगळं. सांगताना मला मजा येत होती.

ती चावायची थांबली. "म्हणजे तुम्ही सांगितलंत की मी खोटं बोलले."

"अगं, नोकरी वाचली तुझी!"

"हो. खरंच, ताई. तुम्ही नसतात तर गेलीच होती. थँक्यू." तिने हात पुसले. आवाजात राग नव्हता. असता तर मीही चार शब्द सुनावले असते. "तुम्हाला सांगते, त्या दिवशी बोलले ना, त्यानंतर घरी जाऊन मी इतकी शांत झोपले. वाटलं, उद्या कोणीतरी येईल आणि विचारेल, काय होतं गं नववी ब मध्ये? येऊ का तुझ्याबरोबर? जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. तुम्ही रोज भेटत होतात. रोज विचारायचात, मॅडमकडे गेलीस का."

मला तिच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि दुसरी स्वतःच्या. रोज त्या वर्गात जाऊन मी डस्टर आपटत होते. एकाला उभं करून विचारायला मला किती वेळ लागला असता? वेळ काढायचं काम माझंच होतं ना या शाळेत!

मी तिच्यासमोरची खुर्ची ओढून बसले. "बरं, आत्ता सांग. काय होतं नववी ब मध्ये?"

"काही नाही, ताई," अपूर्वा म्हणाली. "ठीक आहे."

हे ठीक आहे मला ओळखीचं होतं. मेमो आल्यावर आम्ही सगळे असंच म्हणतो. मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, हसून, आणि पाठाची वही बंद केली. दारात हरलीनचा आवाज आला, पिन्नीचा वास लांबूनच लागला होता तिला. मंगळवार होता. अपूर्वा उठली, डबा हरलीनकडे सरकवला आणि जाता जाता तिच्यादेखत मला म्हणाली, "मॅम, उद्या माझ्याकडे कोणती चूक आहे?"

मी तिला फळ्यावरच्या अक्षराची दिली. नव्या माणसाला ती सोपी जाते.